कठड्याखालचा चुना

मी एक जुना साक्षीदाराचा पिंजरा आहे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यात कधी पोपट नव्हता आणि वाघही नव्हता. कोर्टात साक्ष द्यायला आलेला माणूस ज्यात उभा राहतो, तो तीन बाजूंनी कठडा असलेला लाकडी चौथरा म्हणजे मी. आरोपीचा पिंजरा वेगळा, तो माझ्या समोरच्या भिंतीशी असे. आम्हा दोघांच्या मध्ये वकिलांचं टेबल आणि वरच्या बाजूला न्यायाधीशसाहेबांची खुर्ची.

आता मी वर्ध्याच्या कोर्टामागच्या मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. खटल्यात जप्त केलेल्या वस्तू इथे ठेवतात. गंजलेले विळे, चाक नसलेल्या सायकली, दारूबंदीत पकडलेले रिकामे डबे अशी माझी सोबत आहे. माझा मागचा पाय वाळवीनं खाल्ला आहे आणि येत्या लिलावात मला सरपणात काढणार असं परवाच कानावर आलं. म्हणून घाईनं सांगतो. एक गोष्ट माझ्या पोटात पाच वर्षं अडकून आहे. ती सांगायला मला तोंड नाही आणि सांगितल्याशिवाय जळायचीही हिंमत नाही.

माझं लाकूड आर्वीकडच्या जंगलातलं सागाचं. इंग्रजांच्या काळात अण्णाजी नावाच्या सुतारानं मला घडवलं. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा फार हळुवार. कठडा करताना त्यानं तो चांगला रुंद ठेवला आणि खालची कड आत वळवली. कुणीतरी विचारलं, इतकं लाकूड काऊन वाया घालवता? तर म्हणाला, "अरे, इथं जो येईन तो थरथरतच येईन. त्याच्या हाताले धराले काईतरी पाहिजे ना!" अण्णाजीचं खरं होतं. जो आला त्यानं कठडा धरला. पाटलानं धरला, मजुरानं धरला, डॉक्टरानंही धरला.

दर खांडेनवमीला कोर्टाचा शिपाई नत्थूजी मला ओल्या फडक्यानं पुसायचा आणि झेंडूचं फूल ठेवायचा. एका साहेबांनी बदली होऊन जाताना माझ्या कठड्यावर थाप मारली आणि म्हटलं, "या लाकडानं माझ्यापेक्षा जास्त साक्षी ऐकल्या." त्या दिवशी मी फार फुगलो होतो. खोटंही पुष्कळ ऐकलं म्हणा, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

आता माझं एक छोटं गुपित सांगतो. बाहेरून मी काळपट तपकिरी होतो, पण कठड्याच्या आतल्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे मी पांढरा होतो. का? आमच्या भागात माणसाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असतेच. तळहातावर तंबाखू घ्यायची, बोटानं चुना लावायचा, अंगठ्यानं मळायची आणि ओठात टाकायची. बोटाला उरलेला चुना जवळ जे सापडेल त्याला पुसायचा. भिंत, खांब, बैलगाडीची धुरी, काहीही. कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली बसलेले साक्षीदार तेच करत. तेवढ्यात नत्थूजी नाव पुकारायचा आणि माणूस धावत आत यायचा. बोट अजून पांढरंच. साहेबांसमोर ते पुसायचं कुठं? तर गुपचूप कठड्याखाली. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. तरी चाळीस वर्षं प्रत्येकानं तेच केलं आणि पट्ट्यावर पट्टा चढत गेला. मला त्याची गंमत वाटायची. वर हात ठेवून "खरं सांगेन" म्हणायचं आणि खाली बोट पुसायचं!

ती गंमत एक दिवस माझ्या जिवाला लागेल असं मला वाटलं नव्हतं.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात सेलूच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याच्या घरावर पहाटे दरोडा पडला. पोलिसांनी पाच माणसं धरली. त्यातला पाचवा हरिदास. सेलूकडच्या एका खेड्यात त्याचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं गाडीत भरून तो पहाटे वर्ध्याच्या बाजाराला निघायचा. दरोड्याच्या पहाटेही त्याची गाडी त्याच रस्त्यानं गेली होती. त्याला घटनेच्या जागी कुणी पाहिलं नव्हतं. चोरीचा माल त्याच्या घरी सापडला नव्हता. बाकीच्या चौघांशी त्याची ओळख इतकीच, की त्यातल्या दोघांनी कधीतरी त्याच्याकडून वांगी घेतली होती. पण त्याच्यावर आरोप दरोड्याचा नव्हताच. आरोप होता दरोडेखोरांच्या टोळीत सामील असल्याचा, आणि तोही कायद्यानं मोठाच गुन्हा.

आणि पुरावा? एक लाकूड. पोलिसांनी हरिदासच्या घराच्या दाराची एक बाही, म्हणजे चौकटीचं उभं लाकूड, करवतीनं कापून आणलं होतं. लाखेचं सील आणि चिठ्ठी लावून ते कोर्टाच्या टेबलावर ठेवलं. त्याच्या आतल्या बाजूवर, कमरेच्या उंचीला, चुन्याच्या चार बोटांच्या रेघा होत्या.

मी पाहताक्षणी ओळखलं. तंबाखूचा चुना! लपून खाणाऱ्या माणसाचा. दाराआड उभं राहून हात मागे नेऊन पुसलेला. माझ्या कठड्याखाली असले कितीतरी पट्टे होते.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात खटला चालला. सरकारी वकिलांनी आपला मोठा साक्षीदार बोलावला. पोलीस निरीक्षक बबनराव. उंच, इस्त्रीचा गणवेश, दबदबा असा की पंखाही हळू फिरतोय असं वाटावं. माणूस वाईट नव्हता, हे मी सांगून ठेवतो. तो खोटं बोलला नाही. त्याला जे वाटत होतं तेच तो बोलला आणि खरी पंचाईत तिथेच होती.

"माझी अठरा वर्षं नोकरी झाली," तो म्हणाला. "टोळ्यांचा मी खास अभ्यास केला आहे. टोळीच्या माणसाच्या दाराला आतून, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, चुन्याची बोटं ओढलेली असतात. त्याचा अर्थ, हे घर आपलं आहे. या पाच आरोपींपैकी तिघांच्या घरी मला ही खूण मिळाली. माझ्या मते तिघेही एकाच टोळीचे आहेत."

हरिदासचे वकील भैय्याजी ताडकन उठले. अंगावर खादी, डोक्यावर टोपी, स्वभावानं तापट आणि मनानं लोण्यासारखे.

"माझा आक्षेप आहे, साहेब! साक्षीदारानं पाहिलेलं सांगावं, मत सांगू नये. मत द्यायचा अधिकार तज्ज्ञाला. हस्ताक्षर ओळखणारा, बोटांचे ठसे जुळवणारा, विष तपासणारा डॉक्टर, हे तज्ज्ञ. टोळी ओळखणं हे कोणतं शास्त्र? ज्यानं आरोपी पकडला, तोच सांगणार की हा टोळीचा, आणि ते शास्त्र म्हणून आपण लिहून घ्यायचं?"

सरकारी वकील म्हणाले, "अनुभव हेही ज्ञानच आहे, साहेब."

न्यायाधीशसाहेब दूर कोकणाकडचे, नुकतेच बदलून आलेले, फार सज्जन. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आक्षेप नोंदवून घेतो. साक्ष होऊ द्या. तिला किती वजन द्यायचं ते निकालाच्या वेळी पाहू."

मित्रांनो, हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं होतं. ऐकायला किती समंजस वाटतं! पण आत घेतलेली गोष्ट नंतर बाहेर काढायला सगळेच विसरतात. टंकलेखकाची बोटं चालू झाली आणि बबनरावांचं मत कागदावर उतरलं.

भैय्याजींनी उलटतपासणी घेतली. "हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. अनुभवात आहे."

"तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"माझ्या हाताखालच्या लोकांना मी शिकवलं आहे."

"आरोपीच्या गावातली बाकीची दारं तुम्ही तपासली?"

"त्याची गरज वाटली नाही."

भैय्याजी खाली बसले. प्रश्न चांगले होते, पण खरा प्रश्न त्यांना सुचलाच नाही, कारण तेही निर्व्यसनी. वर्ध्यात आश्रमाच्या वातावरणात वाढलेले. तंबाखूच्या डबीकडे त्यांनी उभ्या आयुष्यात नीट पाहिलं नव्हतं. चुना भिंतीला लावतात आणि झाडाला लावतात, एवढंच त्यांना ठाऊक.

आणि ऐका. बबनराव मत देत होते तेव्हा त्यांचा उजवा हात कठड्याखाली गेला होता. तेही कडुनिंबाखालून उठून आले होते. बोटाला उरलेला चुना त्यांनी अगदी सहज, त्यांच्याही नकळत, माझ्या आतल्या कडेला पुसला. ओला पट्टा माझ्या अंगावर वाळत गेला. वाका! मी मनातल्या मनात ओरडत होतो. कुणीतरी एकदा वाका आणि पाहा! पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

दुपारच्या सुट्टीत कोर्ट रिकामं झालं. हरिदासवर पहारा देणारा शिपाई भला होता, त्यानं त्याच्या बायकोला जवळ येऊ दिलं. कुंताबाई तिचं नाव. मळ्यात राबून रापलेली, काटक, बोलायला सरळ. मागच्या बाकावर हरिदासचा थोरला भाऊ पुंडलिकराव डोळे मिटून बसला होता. बाप लवकर गेला तेव्हापासून त्यानंच हरिदासला वाढवलं होतं.

कुंताबाई हळू आवाजात म्हणाली, "सांगून टाका ना आता. तंबाखूचा चुना हाय म्हणा. तंबाखूसाठी कोणी फाशी देत नाई."

हरिदासनं मान हलवली. "मायच्या हातावर हात ठेवून सांगतलं होतं मी. सोडतो म्हून."

दोघा भावांची आई तंबाखूपायीच तोंडाच्या रोगानं गेली होती. मरताना तिनं दोन्ही मुलांचे हात आपल्या हातावर घेतले आणि वचन मागितलं. पुंडलिकरावानं त्या दिवसापासून तंबाखूला शिवलं नाही. हरिदासकडून मात्र सुटली नाही. दादाला दिसू नये म्हणून तो दाराआड उभा राहून मळायचा आणि चुना आतल्या बाजूला पुसायचा.

"अवो, पण सात-सात वर्सं टाकतीन आत!" कुंताबाईचा आवाज चिरकला.

"हळू बोल. दादा बसून हाय तिथं." हरिदास म्हणाला, "जेलात गेलो त परत येईन. दादाच्या नजरेतून उतरलो त कुठून परत येऊ? तुले माही आन हाय, कुंते. तू बी नोको सांगजो."

ती पदरानं तोंड पुसत राहिली. मी समोरच होतो, मी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता माझे चारही पाय उखडून मी चालत जावं आणि न्यायाधीशांच्या खुर्चीपुढे उलटा पडावं.

नंतर साहेबांनी कायद्याप्रमाणे हरिदासला स्वतःला विचारलं, "तुमच्या दारावरच्या या चुन्याच्या खुणांबद्दल काय सांगायचं आहे?"

हरिदासनं मागच्या बाकाकडे पाहिलं. "मले माहीत नाई, साहेब."

टंकलेखकानं तेवढंच टंकलं. आरोपीला माहीत नाही.

मग बचावाची साक्षीदार म्हणून कुंताबाई माझ्यात आली. तिचे पाय अनवाणी होते आणि तळवे गरम. शपथ घेतली. भैय्याजींनी विचारलं, नवरा त्या दिवशी केव्हा निघाला, केव्हा परतला, पैसे कुणाकडून आणतो. ती नीट सांगत होती. सांगता सांगता तिनं कठडा घट्ट धरला आणि तिची बोटं अण्णाजीनं वळवलेल्या कडेखाली गेली.

ती थांबली. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं होतं. तिनं हात बाहेर काढला आणि पाहिला. बोटं पांढरी! तिनं खाली वाकून कठड्याखाली नजर टाकली. चाळीस वर्षांत मला असं पाहणारी ती पहिली.

"साहेब," ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "इथं बी चुना हाय! ह्या कठड्याखाली. एक नाई, दोन नाई, पन्नास बोटं हायेत. तं जे जे इथं उभे राह्यले ते सारेच टोळीचे हायेत का? हे फौजदारसाहेब बी इथंच उभे होते ना?"

कोर्टात खसखस पिकली. बबनराव खुर्चीत सरळ झाले. माझा आनंद काय सांगू! वाटलं, सुटलो. हरिदास सुटला आणि मीही सुटलो.

न्यायाधीश हसले नाहीत. पुढे झुकून शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला काय म्हणायचं आहे? हा चुना कशाचा?"

"तंबाखूचा, साहेब."

"म्हणजे तुमचे यजमान तंबाखू खातात?"

किती सरळ प्रश्न! त्याला एकच शब्द पुरेसा होता. कुंताबाईनं समोर पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यात हरिदासनं दोन्ही हात जोडले होते. बाकी कुणाला वाटलं असेल की तो न्यायाधीशांना हात जोडतोय. मला ठाऊक होतं, तो तिला जोडत होता. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. पुंडलिकरावानं मान खाली घातली होती. 

"नाई साहेब," ती म्हणाली. "ते नाई खात."

सरकारी वकील लगेच उठले. "मग हा चुना तंबाखूचा आहे हे साक्षीदाराला कसं कळलं? हे तिचं मत आहे, साहेब. आणि ती काही या विषयातली तज्ज्ञ नाही."

मित्रांनो, वीस वर्षं त्या दारापुढे सारवणारी, ते दार पुसणारी बाई तज्ज्ञ नव्हती. एका दुपारी येऊन ते दार कापून नेणारा माणूस तज्ज्ञ होता. मला कायदा कळत नाही, मी लाकूड आहे. पण त्या दिवशी मला चीर पडेल असं वाटलं.

तरी न्यायाधीशांना शंका होतीच. ते म्हणाले, "नत्थूजी, जरा वाकून पाहा, काय आहे तिथे."

नत्थूजी आला. वाकला. त्यानं पाहिलं, मला शपथ आहे त्यानं सगळं पाहिलं! पण कठडा साफ ठेवणं त्याचं काम होतं. साहेब नवे, नोकरीची काही वर्षं उरलेली आणि वरच्या ताज्या पट्ट्यांमध्ये एक-दोन त्याच्या स्वतःच्याच बोटाचे. तो सरळ झाला आणि हात जोडून म्हणाला, "काई नाई साहेब. जुना रंग हाय, पोपडे निंघून राह्यले."

"बरं. पुढे चला," साहेब म्हणाले. कुंताबाईचं कठड्याबद्दलचं बोलणं कागदावर घ्यायला त्यांनी सांगितलं नाही, आणि साहेब सांगत तेवढंच टंकलेखक घेई.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी वाचलं, की साक्षीदार अनुभवी अधिकारी आहे, त्याचं मत नाकारायला कारण दिसत नाही. आरोपीला आपल्या घरावरच्या खुणेचा खुलासा करता आलेला नाही. सात वर्षं सक्तमजुरी. कुंताबाई माझ्या पायाशी खाली बसली. तिनं एक हात माझ्या कडेवर टेकवला होता. ती रडली नाही, नुसती पुटपुटत होती, "माया तोंडात होतं. माया तोंडातच होतं."

भैय्याजींनी नागपूरला वरच्या कोर्टात अपील केलं. जामीन काही झाला नाही. पक्षकार येत, बोलत, त्यातून मला पुढचं कळत गेलं. निकालानंतर त्या गावातल्या माणसांनी आपापल्या दारांच्या बाह्या घासून घासून धुतल्या म्हणे. कुणाच्याच दाराला चुना राहिला नाही. जो तो म्हणू लागला, हरिदासच्याच दाराला होता बरं का! त्याच्या लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. घराचं दार एका बाहीवर लटकत होतं, कुंताबाईनं तिथे पोतं बांधलं आणि मळा एकटीनं सांभाळला.

एक्याऐंशी साली कोर्टात नवं सामान आलं. नवा साक्षीदाराचा पिंजरा चकचकीत, कठडा अरुंद, धरायला काहीच नाही. मला उचलून मुद्देमालाच्या खोलीत टाकलं. आणि कुठे टाकलं? नेमकं त्या कापलेल्या बाहीशेजारी! तिची चार बोटं आणि माझी पन्नास बोटं अंधारात समोरासमोर आली. खटल्यात आम्हाला असं एकदा जरी शेजारी ठेवलं असतं!

ब्याऐंशीच्या अखेरीस अपिलाचा निकाल लागला. खोलीचं कुलूप काढताना कारकून सांगत होते ते मी ऐकलं. वरच्या कोर्टानं म्हटलं होतं, पोलीस अधिकाऱ्याला टोळीबद्दल जे वाटतं ते तज्ज्ञाचं मत होत नाही. ते मुळात पुराव्यात घ्यायलाच नको होतं. आणि ते काढून टाकलं तर हरिदासविरुद्ध काहीच उरत नाही. त्याला सोडण्यात यावं. भैय्याजी पहिल्याच दिवशी जे म्हणाले होते तेच. मधे चार वर्षं गेली.

काही दिवसांनी दोन माणसं मुद्देमाल परत न्यायला आली. पुढे पुंडलिकराव काठी टेकत, मागे हरिदास. मी आधी ओळखलंच नाही, केस पार पांढरे झालेले. मी कुंताबाईला शोधत होतो. नत्थूजीनंच विचारलं, "घरच्या बाई नाई आल्या?"

"श्रावणात गेली," पुंडलिकराव म्हणाला. "ताप आलता. आठ दिवसात गेली."

 बाही काढण्यासाठी नत्थूजीनं मला बाजूला सारलं आणि वाळवीनं खाल्लेला पाय मोडून मी कलंडलो. माझी आतली कड उजेडाकडे झाली. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली, ते आता झालं. पांढरे पट्टे, एकाखाली एक, सगळे स्वच्छ दिसू लागले.

हरिदास खाली बसला. त्यानं एका पट्ट्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. "खरंच होतं तिचं," तो म्हणाला. मग वळून भावाकडे पाहिलं. त्याची मान लहान मुलासारखी खाली गेली. "दादा, मी मायचं नाई ऐकलं. मी खात होतो तंबाखू. लपून खात होतो. तो चुना माहाच होता."

पुंडलिकरावानं काठी भिंतीला टेकवली.

"मले माहीत होतं, बापू," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून माहीत होतं. साऱ्या गावाले माहीत होतं. मी रोज तुह्या दारातून ये-जा करत होतो, मले नाई दिसन का?"

"मंग कोर्टात काऊन नाई बोललात, दादा?"

"तू लपवून राह्यला होता ना. म्हटलं, मी बोललो त तुले माया पुढं मान वर कराची सोय राहणार नाई."

मग हरिदास जो उठला तो थेट नत्थूजीपाशी. "लिहून घ्या, साहेब. हरिदास तंबाखू खाते. त्याची बायको खरं बोलत होती. लिहून घ्या ना."

नत्थूजीचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "मी शिपाई हाओ, बाबा. अन् केस तं संपली आता."

बाही खांद्यावर घेऊन ते दोघं गेले. तिच्यावरची चार बोटं जाताना मला दिसत होती.

मित्रांनो, मी थोड्याच दिवसांचा सोबती. माझी लाकडं कुणाच्या तरी चुलीत जातील, त्याचं मला फार दुःख नाही. तुमच्यापाशी एवढंच मागतो. कुणी मोठा माणूस मोठ्या आवाजात म्हणाला, "मला ठाऊक आहे, हा त्यांच्यातलाच," तर त्याला एकदा विचारा, तुम्हाला कसं ठाऊक? आणि तुम्हाला एखादी गोष्ट खरी ठाऊक असेल, ती कितीही क्षुल्लक असो, कितीही लाजेची असो, तर लिहिणारा समोर बसलेला असतानाच सांगा. घरच्या माणसांची लाज घरच्यांना बहुतेक आधीच माहीत असते.

लिलावाआधी कधी इकडे आलात तर मला सरळ करू नका. असाच राहू द्या. कठड्याखाली बोट फिरवून पाहा. उजव्या कोपऱ्यात चार बोटांएवढ्या जागेवर चुना थोडा खरवडलेला लागेल. तिथे कुंताबाईचा हात होता.